पडदे ओढू नका : मुंबईतील सहलसंस्थांच्या संचालकांना खुले पत्र

प्रति,
मुंबईतून परदेशी सहली नेणाऱ्या मराठी सहलसंस्थांचे संचालक आणि त्यांचे सहलप्रमुख यांस,

विषय : वाळवंटातील सोडून दिलेल्या लष्करी विमानतळांची माहिती सहलीत देण्याबाबत आणि जमेल तेथे गट तेथे थांबवण्याबाबत.

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात मी आणि माझी पत्नी आपल्यापैकीच एका संस्थेबरोबर अमेरिकेच्या पश्चिम भागातील सहलीला गेलो होतो. संस्थेचे नाव मी येथे घेत नाही, कारण माझी तक्रार एका संस्थेपुरती नाही आणि त्या सहलीच्या जेवणाखाण्यात, निवासात किंवा वक्तशीरपणात नाव ठेवायला कोठेही जागा नव्हती. लास वेगासहून ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्याकडे निघालेली आमची बस हूव्हर धरण मागे टाकून ॲरिझोनातील किंगमन या गावापाशी आली आणि तेथून जुन्या 'रूट ६६' या महामार्गावर वळली, तेव्हा आमच्या सहलप्रमुखांनी ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले की, आता पुढचे दोन-अडीच तास बाहेर पाहण्यासारखे काहीही नाही, तेव्हा मंडळींनी खिडक्यांचे पडदे ओढून घ्यावेत, म्हणजे हाऊजीचे आकडे नीट दिसतील. नेमक्या त्याच वेळी माझ्या बाजूच्या खिडकीतून, खुरट्या झुडपांच्या पलीकडे, उभ्या करून ठेवलेल्या विमानांच्या शेपट्यांची रांग मला दिसली. मी उठून त्यांना विचारले की, येथे दहा मिनिटे थांबता येईल का. त्यांनी अत्यंत नम्रपणे नाही म्हटले आणि माझ्या हातावर बाकरवडी ठेवली.

मी सांताक्रूझ विमानतळावरील हँगरमध्ये तीस वर्षांहून अधिक काळ विमानांच्या देखभालीचे काम केले आहे. माझी नजर शेपट्यांकडे आधी जाते, हा माझा व्यवसायदोष समजावा. परंतु त्या दिवशी बसमधील चाळीस माणसांपैकी एकालाही कोणी सांगितले नाही की, पडद्यापलीकडे जे होते त्याने दुसऱ्या महायुद्धाचा एक मोठा अंक पाहिला आहे, आणि असे अंक आपल्या सहलींच्या मार्गांवर ठिकठिकाणी पडले आहेत. हे पत्र त्यासाठी आहे.

प्रथम, लष्कराने विमानतळ बांधायला वाळवंटच का निवडले, हे सांगतो, कारण हा प्रश्न प्रवासी हमखास विचारतात आणि 'जागा रिकामी होती म्हणून' एवढ्या उत्तरावर त्यांची बोळवण होते. जागा रिकामी होती हे खरेच आहे. नेवाडा, युटा आणि ॲरिझोना या राज्यांतील फार मोठी जमीन तेथील केंद्र सरकारच्या मालकीची होती आणि आहे, त्यामुळे बॉम्बफेक आणि गोळीबार यांच्या सरावासाठी शेकडो चौरस किलोमीटरचे पट्टे एका आदेशाने बाजूला काढता आले. पण त्याहून मोठे कारण आकाश हे होते. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा तिला हजारो वैमानिक, दिशादर्शक आणि तोफची थोड्या महिन्यांत तयार करायचे होते, आणि जेथे वर्षातील बहुतेक दिवस ढगांशिवाय उजाडतात तेथे शिकवणीचा दिवस वाया जात नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर उड्डाणांचे काय होते, हे मुंबईकराला समजावून सांगण्याची गरज नाही. शिवाय किनाऱ्यावर जपानी हल्ला होण्याची धास्ती होती, म्हणून तळ आतल्या बाजूला हवे होते. आणि माणसे, सिमेंट व पेट्रोल आणण्यासाठी रेल्वे जवळ हवी होती. किंगमनमधून तेव्हा सांता फे रेल्वेचा मुख्य मार्ग जात होता.

किंगमनच्या तळाची उभारणी १९४२ मध्ये सुरू झाली. येथे विमान चालवायला नव्हे, तर उडत्या विमानातून मशीनगन चालवायला शिकवत. बॉम्बर विमानाच्या पोटात, पाठीवर आणि शेपटीत बसणारे हे तोफची बहुधा विशीच्या आतबाहेरचे असत. त्यांना प्रथम चालत्या ट्रकवर उभे करून हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर बंदूक चालवायला लावत, कारण आपणही हलत आहोत आणि लक्ष्यही हलत आहे, हे शरीराला कळल्याशिवाय नेम साधत नाही. नंतर ते बी-१७ जातीच्या विमानातून दुसऱ्या विमानाने ओढलेल्या कापडी लक्ष्यावर मारा करत. सुमारे पस्तीस हजार माणसे या एका तळावर तयार झाली असे तेथील नोंदी सांगतात. त्यांतील बहुतेक जण येथून युरोपच्या आकाशात गेले, आणि गेलेल्यांपैकी किती परतले, याचा विचार त्या ओसाड डांबरावर उभे राहून केला तर तो कॅन्यनच्या कड्याइतकाच खोल वाटतो.

पण किंगमनची खरी कथा युद्ध संपल्यावर सुरू होते, आणि मला स्वतःला ती अधिक ओढून घेते. अमेरिकेने युद्धकाळात तीन लाखांच्या आसपास विमाने बांधली. ऑगस्ट १९४५ मध्ये युद्ध थांबले आणि उरलेल्यांपैकी बहुतेक विमाने एका दिवसात निरुपयोगी झाली. ती ठेवायची कोठे? ज्या तळांवर माणसे घडवली त्याच तळांवर विमाने मोडायला आणली गेली. १९४५ आणि १९४६ या दोन वर्षांत किंगमनच्या वाळूवर सुमारे साडेपाच हजार विमाने ओळीने उभी राहिली. जर्मनीवर पन्नास-पन्नास मोहिमा करून आलेली, नाकावर रंगीत चित्रे काढलेली विमाने त्यांत होती आणि कारखान्यातून निघून थेट येथेच आलेली, एकही मोहीम न पाहिलेली कोरी विमानेही होती. मिसुरी राज्यातील वुंडरलिक नावाच्या एका कंत्राटदार कंपनीने हा सारा ढीग सुमारे २७ लाख ८० हजार डॉलरांना विकत घेतला. हिशोब केला तर एका विमानाला पाचशे डॉलरांच्या आसपास भाव पडला, आणि यांतील बी-१७ नवे असताना त्याची किंमत दोन लाख डॉलरांच्या घरात होती. इंजिने आणि उपयोगी भाग काढून घेतले गेले, क्रेनला टांगलेल्या जड पात्याने पंख आणि धड तोडली गेली आणि भट्ट्यांमध्ये ॲल्युमिनियम वितळवून त्याच्या विटा पाडल्या गेल्या. १९४८ पर्यंत मैदान मोकळे झाले. मी आयुष्यभर एक-एक रिव्हेट मोजून बदलले आहेत. त्यामुळे हे वाचताना मला काय वाटले, ते येथे लिहीत नाही. मात्र भंगारवाल्याला दोष देण्याचेही कारण नाही. मुंबईच्या दारूखान्यात जहाजे मोडली जातात तेव्हा आपण हळहळत बसत नाही.

विमाने ठेवायला वाळवंट का लागते, याचे उत्तर मात्र मी स्वतःच्या हातांनी शिकलो आहे. ॲल्युमिनियमला लोखंडासारखा तांबडा गंज चढत नाही, पण समुद्रावरची खारट दमट हवा लागली की त्यावर पांढरी भुकटी धरते आणि आतून धातू पोखरत जाते. कालिन्याला चार महिने एखादे विमान उघड्यावर उभे राहिले, तर पावसाळ्यानंतर त्याचे सांधे खरवडताना आमची दमछाक होत असे. ॲरिझोनात पाऊस नाममात्र, हवा कोरडी, आणि अनेक ठिकाणी जमीन इतकी कठीण की फरसबंदी न करताही त्यावर विमान उभे राहते. टुसॉन शहराजवळच्या डेव्हिस-मॉन्थन या तळावर आजही अमेरिकी लष्कर हजारो विमाने अशीच साठवून ठेवते. किंगमन, मोहावे आणि व्हिक्टरव्हिल येथे आता प्रवासी कंपन्यांची थकलेली विमाने उभी असतात. मला बसमधून दिसलेल्या शेपट्या त्याच होत्या. म्हणजे किंगमनचा तळ लष्कराने सोडला, तरी ज्या हवेसाठी तो तेथे आला होता ती हवा अजून त्याला पोसते आहे. तेथील जुना कंट्रोल टॉवर उभा आहे.

आपले प्रवासी विमानातून जाताना खिडकीतून खाली पाहतात. त्यांना एक गोष्ट दाखवता येईल. अमेरिकेच्या नैऋत्य भागावरून जाताना वाळूत मधूनच मोठा त्रिकोण किंवा इंग्रजी 'ए' सारखी आकृती दिसते. ते सोडलेले विमानतळ असतात. त्या काळची सरावाची विमाने हलकी होती, त्यांचे तिसरे चाक शेपटीखाली असे आणि बाजूने जोराचा वारा आला की उतरताना ती गिरकी घेत. म्हणून वारा कोणत्याही दिशेने असला तरी कोणती तरी एक धावपट्टी त्याच्या समोर यावी, अशा बेताने तीन धावपट्ट्या एकमेकींना कोनात जोडत. पुढे विमाने जड झाली, नाकाखाली चाक आले, आणि एकच लांब धावपट्टी पुरू लागली. आपल्या सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यांचे मूळही याच वाऱ्याच्या हिशोबात आहे. त्रिकोण मोडून काढायला पैसे लागतात आणि वाळवंटात त्या जमिनीला दुसरे गिऱ्हाईक नसते, म्हणून तो तसाच राहतो.

लॉस एंजेलिसहून फीनिक्सकडे जाणाऱ्या महामार्गावर अमेरिकी लष्कराचे जनरल पॅटन यांचे १९४२ मधील वाळवंटी प्रशिक्षण केंद्र होते आणि त्याला जोडलेल्या धावपट्ट्या राइससारख्या ठिकाणी आजही विरत चालल्या आहेत. त्या मार्गावर चिरियाको समिट येथे पॅटन यांच्या नावाचे संग्रहालय आहे आणि बसला थांबायला जागाही आहे. एवढे सांगून पुढे जातो.

युटा राज्यातील वेंडोव्हरविषयी मात्र थोडे थांबले पाहिजे. सॉल्ट लेक सिटीला जाणारे आपले काही गट बॉनव्हिलच्या मिठाच्या पांढऱ्या मैदानावर छायाचित्रे काढायला नेले जातात. तेथून पंधरा-वीस किलोमीटर पश्चिमेला वेंडोव्हरचा तळ आहे. १७ डिसेंबर १९४४ रोजी या तळावर कर्नल पॉल टिबेट्स यांच्या हाताखाली '५०९ वा संमिश्र गट' अधिकृतपणे उभा राहिला. तेथे बी-२९ विमानांतून विचित्र आकाराचे मोठे बॉम्ब एकेक करून टाकण्याचा आणि टाकताच विमान झपाट्याने वळवून दूर नेण्याचा सराव चालत असे. हे कशासाठी, ते गटातील बहुतेकांना ठाऊक नव्हते आणि विचारण्याची परवानगीही नव्हती. ६ ऑगस्ट १९४५ रोजी टिबेट्स यांनीच प्रशांत महासागरातील तिनियन बेटावरून 'एनोला गे' हे विमान हिरोशिमावर नेले. वेंडोव्हरमध्ये ते विमान ज्या हँगरमध्ये ठेवले होते तो आजही उभा आहे. आपण तेथे गट न्यावा असे मी म्हणतो, पण एक अट घालून म्हणतो. तेथे हसत काढलेली छायाचित्रे मला नकोत, आणि ज्यांनी हिरोशिमाचे शांती स्मारक आपल्याच जपान सहलीत पाहिले आहे, त्यांनाही ती नको असतील. एकच संस्था दोन्ही सहली नेते, एकच कुटुंब दोन्ही सहलींना जाते, आणि हँगर व स्मारक यांचा संबंध त्यांना कोणी जोडून दाखवत नाही, याचे मला नवल वाटते.

अमेरिका लांबची, खर्चाची. आता आपल्या सर्वांत लोकप्रिय सहलीकडे येतो. दुबई-शारजा. चार रात्री, पाच दिवस, वाळवंटातील जीपची सफर, आणि शारजात बहुधा एक सोन्याचा बाजार व एक मशीद. या शारजामध्ये शहराच्या मधोमध एक माजी विमानतळ आहे, ज्याची धावपट्टी आज किंग अब्दुल अझीझ स्ट्रीट या नावाचा रस्ता झाली आहे. आपल्या बसगाड्या त्या धावपट्टीवरून जातात आणि कोणाला पत्ता नसतो.

कथा अशी आहे. लंडन ते कराची हा इम्पीरियल एअरवेजचा हवाई मार्ग आधी इराणच्या किनाऱ्याने जात होता. तेथील परवानगी संपली, म्हणून १९३२ मध्ये तो आखाताच्या अरबी किनाऱ्यावर हलवावा लागला. शारजाचे तत्कालीन शेख सुलतान बिन सक्र यांच्याशी करार झाला, भाडे भारतीय रुपयांत ठरले, कारण आखातात तेव्हा आपलाच रुपया चालत होता, आणि प्रवाशांना रात्री निर्धास्त झोपता यावे म्हणून वाळूत एक किल्ला बांधला गेला, ज्याच्या भिंतींवर शेखांचे बंदूकधारी पहारा देत. ५ ऑक्टोबर १९३२ रोजी 'हॅनो' नावाचे चार इंजिनांचे, दुहेरी पंखांचे विमान तेथे पहिल्यांदा उतरले. यानंतर दहा दिवसांनी, १५ ऑक्टोबर रोजी, जे. आर. डी. टाटा यांनी कराचीच्या द्रिघ रोडवरून 'पस मॉथ' विमानात टपाल घेतले, अहमदाबादला थांबले आणि ते जुहूच्या मैदानात उतरले. इंग्लंडहून कराचीपर्यंत इम्पीरियल एअरवेजने आणलेली डाक पुढे मुंबईला पोहोचवणे हाच त्या सेवेचा हेतू होता. म्हणजे शारजाचा वाळवंटातला किल्ला आणि आपले जुहू ही एकाच दोरीवरची दोन ठिकाणे आहेत. जुहूला राहणाऱ्या कित्येकांनाही हे माहीत नाही, हे मी शेजारधर्माला जागून सांगतो. विलेपार्ले आणि जुहू यांत अंतर ते किती.

महायुद्ध आले तेव्हा शारजाच्या तळावर ब्रिटिश वायुदल उतरले. युद्ध संपले तरी ते गेले नाही. डिसेंबर १९७१ मध्ये आखातातून ब्रिटिश निघाले तेव्हा लष्करी तळ संपला, आणि १९७७ मध्ये शारजाचे नवे विमानतळ शहराबाहेर सुरू झाल्यावर जुनी धावपट्टी पूर्ण मोकळी झाली. वाळवंटात सोडलेला विमानतळ सहसा वाळूखाली जातो. हा शहराखाली गेला. मूळ किल्ला मात्र 'अल महत्ता' संग्रहालय म्हणून जपला आहे. तेथे जुनी विमाने आहेत, कंट्रोल टॉवर आहे, आणि सोन्याच्या बाजारापासून ते टॅक्सीने जाण्याजोगे आहे. या एका ठिकाणासाठी कार्यक्रमात फार तर दीड तास लागेल. बाजारातील दीड तास कमी केला तर आपल्या प्रवाशांच्या बचतीतही भर पडेल.

तिसरी सहल इजिप्तची. कैरो, लक्सर, आणि एक दिवस अलेक्झांड्रिया. अलेक्झांड्रियाच्या पश्चिमेला, लिबियाच्या सरहद्दीपर्यंत आणि तिच्याही पलीकडे, १९४० ते १९४३ या काळात ब्रिटिशांचे शेकडो तात्पुरते तळ होते. त्यांतील बहुतेकांना नावेही नव्हती, नुसते 'एल. जी.' (लँडिंग ग्राउंड) आणि पुढे क्रमांक. तळ म्हणजे काय, तर दगड वेचून साफ केलेला वाळूचा पट्टा, कोपऱ्यांवर रंगवलेली पेट्रोलची पिंपे, वारा दाखवणारी कापडी नळी, तंबू आणि ट्रक. आघाडी पुढे गेली की तंबू उपटून पुढच्या क्रमांकावर जायचे, मागे आली की मागच्या. इंजिनात वाळू जाऊ नये म्हणून नाकाखाली मोठी गाळणी बसवत, आणि तिच्यामुळे विमानाचा वेग घटे. इंग्रजांचे पेट्रोलचे पत्र्याचे डबे इतके पातळ होते की ते वाटेतच गळत. जर्मनांचे डबे मजबूत होते, ते इंग्रजांनी पळवले, मग त्यांची नक्कल केली, आणि जर्मनांना ते 'जेरी' म्हणत असल्याने त्या डब्याला जेरीकॅन म्हणू लागले. आपल्याकडे पाणीटंचाईत जो कॅन घेऊन माणसे टँकरपाशी रांग लावतात, तो याच घराण्यातला.

या वाळूच्या पट्ट्यांना किती किंमत होती, ते लिबियातील तोब्रुक बंदराने दाखवले. जून १९४२ मध्ये तोब्रुकच्या आग्नेय बाजूच्या बचावफळीवर अकरावी भारतीय ब्रिगेड होती आणि तिच्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी बटालियन होती. सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरीच्या गावांतली ही माणसे. तोब्रुकच्या पूर्वेला गंबुट येथे ब्रिटिश लढाऊ विमानांचे तळ होते. शत्रू जवळ आला म्हणून १७ जूनला ती विमाने गंबुट सोडून मागे गेली, आणि तेथून त्यांना तोब्रुकपर्यंत पोहोचता येईना. २० जूनच्या पहाटे जर्मन विमानांनी सूर मारून नेमक्या या ब्रिगेडच्या पट्ट्यावर बॉम्बवर्षाव केला. वर आपले विमान एकही नव्हते. मागोमाग रणगाडे आले. २१ जूनला तोब्रुक पडले आणि तीस हजारांहून अधिक सैनिक कैद झाले, त्यांत मराठा बटालियनही होती. गंबुटची ती साफ केलेली वाळू आणखी चार दिवस हातात असती तर निकाल बदलला असता, असे मी म्हणणार नाही. पण आपल्या माणसांच्या डोक्यावरचे आकाश त्या पट्ट्यांवर अवलंबून होते, एवढे नक्की.

अल अलामीन अलेक्झांड्रियापासून शंभर किलोमीटरवर आहे. तेथील युद्धस्मशानात ज्यांचे दहन झाले अशा सहाशेहून अधिक सैनिकांचे स्वतंत्र स्मारक आहे. आपल्या गटांना तेथे न्या. मात्र आसपासच्या वाळवंटात कोणालाही पायी फिरू देऊ नका. महायुद्धातले सुरुंग तेथे अजून मोठ्या संख्येने जमिनीत आहेत.

लिबियाला सध्या आपण कोणीच सहल नेत नाही, आणि न्यावी असेही मी सुचवत नाही. पण बसमध्ये सांगण्यासाठी तेथली एक गोष्ट देतो. ४ एप्रिल १९४३ रोजी बेनगाझीजवळच्या सोलूक तळावरून 'लेडी बी गुड' नावाचे बी-२४ विमान नेपल्सकडे निघाले. नऊ जणांच्या तुकडीची ही पहिलीच मोहीम. परतताना रात्र झाली, त्यांनी रेडिओवर दिशा विचारली. त्या काळच्या दिशाशोधक यंत्राला विमान कोणत्या रेषेवर आहे ते कळे, पण ते आपल्या पुढे आहे की मागे, हे कळत नसे. तळाला वाटले, विमान अजून समुद्रावर आहे. ते तळ ओलांडून वाळवंटात शिरले होते. खाली समुद्र असेल या समजुतीने ते इंधन संपत आले तेव्हा हवाई छत्रीने उतरले, आणि पाय वाळूला लागले. १९५८ मध्ये तेल शोधणाऱ्या एका पथकाला तळापासून सुमारे सातशे किलोमीटर आत ते विमान सापडले. त्यातला रेडिओ चालत होता. माणसे विमानापासून दूर उतरली होती. एका बाटलीभर पाण्यावर आठ दिवस ती उत्तरेकडे चालली. त्यांच्यातल्या एकाची रोजनिशी नंतर सापडली. वाळवंट धातू का जपते, हे मी वर सांगितले. ते माणसाला तसे जपत नाही.

आता आपल्या अडचणींचा विचार करतो, कारण त्या खऱ्या आहेत. अमेरिकेत बसचालकाच्या तासांवर कायद्याची मर्यादा आहे आणि अर्ध्या तासाचा थांबा म्हणजे कॅन्यनवर अर्धा तास कमी. म्हणून प्रत्येक ठिकाणी उतरावेच असा माझा आग्रह नाही. किंगमन आणि शारजा येथे उतरावे, अल अलामीन ऐच्छिक ठेवावे, आणि बाकी ठिकाणी फक्त पडदे उघडे ठेवून पाच मिनिटे बोलावे. सहलप्रमुखांना हे बोलणे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. कच्छच्या सहलीत माधापरच्या महिलांनी डिसेंबर १९७१ मध्ये भुजची उद्ध्वस्त धावपट्टी तीन दिवसांत दुरुस्त केल्याची हकीकत आपलेच सहलप्रमुख किती रंगवून सांगतात, ते मी ऐकले आहे. तेव्हा बसमध्ये कोणी हाऊजी मागत नाही.

काही जण म्हणतील की, ओसाड तळच पाहायचे तर कल्याणजवळ नेवाळी आहे. तेही खरे आहे. तेथील जमीन महायुद्धात विमानतळासाठी शेतकऱ्यांकडून घेतली गेली आणि तिचा वाद इतका जिवंत आहे की जून २०१७ मध्ये तेथे मोठा उद्रेक झाला. नेवाडातील जमिनीला दुसरे गिऱ्हाईक नव्हते, नेवाळीतल्या जमिनीला आधीपासून धनी होते, हा फरक ज्याला कळला त्याला वाळवंटाची निवड का झाली हेही कळले. पण तो विषय आपल्या सहलींचा नाही आणि माझ्या या पत्राचाही नाही.

माझी प्रत्यक्ष मागणी एवढीच आहे. अमेरिका, दुबई-शारजा आणि इजिप्त या तीन सहलींच्या सहलप्रमुखांसाठी मी प्रत्येकी दोन पानांचे मराठी टिपण तयार केले आहे. कोणत्या वळणावर कोणत्या बाजूच्या खिडकीतून काय दिसते, हे त्यात लिहिले आहे. ते मी विनामूल्य देईन. आपल्यापैकी जी संस्था सहलप्रमुखांसाठी प्रशिक्षणवर्ग घेत असेल, तिच्या वर्गात दुपारी एक तास येऊन बोलायलाही मी तयार आहे. फक्त दादरपर्यंत असेल तर बरे, गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत.

दिवाळीच्या सहलींच्या जाहिराती जुलैत सुरू होतात. त्यापूर्वी आपले उत्तर आले तर कार्यक्रमपत्रिकेत 'किंगमन : अर्धा तास' ही एक ओळ छापून घ्यायला वेळ मिळेल.

आपला विश्वासू,
विमानदेखभाल विभागातील एक निवृत्त तंत्रज्ञ
विलेपार्ले (पूर्व), मुंबई